हायवेवर धावणाऱ्या एसयूव्हीला नवे टायर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची एसयूव्ही बहुतेक वेळ हायवेवर, शंभराच्या आसपासच्या वेगात, माणसं आणि सामान घेऊन धावते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं त्या नजरेने वाचता येतील. अशा गाडीच्या टायरची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते: ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा, आणि भर उन्हात तासन्‌तास वेगात पळताना टायर आतून तापतो तेव्हा. या दोन्हींत जो टिकतो तोच टायर घ्यावा. दिसणं, रुबाब, किती किलोमीटर चालतो, हे सगळं त्यानंतर.

टायर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग बाजूच्या भिंतीकडे वळतो तिथे, बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. तिथून ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार रबराच्या, खाचेत सरळ बघत गेलात की खाचेच्या तळाशी रबराचा आडवा उंचवटा दिसेल. त्याची उंची १.६ मिलिमीटर असते. आजूबाजूचं रबर झिजून त्या पातळीला आलं की टायर संपला. अनेक देशांत त्यापुढे तो वापरणं बेकायदा आहे.

पण हायवेवरच्या गाडीने तिथवर वाट बघू नये. नव्या हायवे टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि तिचं मुख्य काम टायर व रस्ता यांच्या मधलं पाणी बाहेर काढण्याचं. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर झपाट्याने वाढत जातं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेगही खाली येतो. टायर तरंगला की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही आणि दोन टनांची गाडी होती त्याच दिशेने घसरत जाते. म्हणून खाच ३ मिलिमीटरवर आली असेल आणि पावसाचे दिवस तोंडावर असतील, तर उरलेल्या रबराचा मोह सोडा.

खोली मोजताना मधल्या एका खाचेवर भागवू नका. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तिन्हीकडे मोजा. आतली कड उभ्याने दिसत नाही, त्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा खाली वाकून बघावं लागतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेल्या गाडीत बहुतेकदा तीच आधी गुळगुळीत होते. मग तळहात ट्रेडवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका बाजूला हात सुळकन सरकला आणि उलट बाजूला रबराच्या कडा बोटांना टोचल्या, तर चाकांचा ‘टो’, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. तो दुरुस्त न करता नवे टायर बसवले तर तेही तसेच झिजणार.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, फुगा आला असेल तर मोजमाप करत बसू नका. आतले दोरे तुटले आहेत. तो टायर आजच उतरवायचा.

रबर भरपूर शिल्लक आहे, पण टायर जुना आहे. चालवू का?

आधी वय काढा. साइडवॉलवर ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ लिहिलं असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला अंक दिसले नाहीत तर आतल्या बाजूला शोधा.

गाडी उभी असली तरी रबराचं वय वाढत राहतं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता रबर कडक करतात, ट्रेडखालच्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारी पकड सैल होत जाते. बाहेरून फक्त बारीक भेगा दिसतात, कधी त्याही दिसत नाहीत. बरेच गाडी उत्पादक सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर कंपन्यांचं सर्वसाधारण धोरण असं, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. माझ्या मते हायवेवर भरधाव चालणाऱ्या गाडीला सहाचीच मर्यादा बरी.

नवा टायर घेतानाही हे अंक बघा. काही महिन्यांपूर्वीचा माल असेल तर हरकत नाही. दोन वर्षं गोदामात पडलेला असेल तर दुसरा मागा. न वापरलेला असला तरी त्याच्या आयुष्यातली तेवढी वर्षं कमी झालेलीच असतात. स्टेपनीचंही वय बघा. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

एचटी, एटी की एमटी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चुकीची निवडही सर्वांत जास्त इथेच होते.

एचटी म्हणजे हायवे टेरेन. यात रबराचे ठोकळे एकमेकांना लागून असतात, मधोमध जवळजवळ सलग पट्टे असतात आणि लांब उभ्या खाचांतून पाणी मागे फेकलं जातं. एटी म्हणजे ऑल टेरेन: ठोकळे मोठे, त्यांच्यातलं अंतर जास्त, खांद्यावर आडव्या रुंद खाचा. एमटी चिखलासाठी असतो. हायवेवरच्या गाडीत त्याचा विचारच करू नका.

एटी लावलेली एसयूव्ही दणकट दिसते, त्यात वाद नाही. पण डांबरावर काय होतं ते बघा. ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ब्रेक मारला की उंच, सुटे ठोकळे आधी वाकतात आणि मग पकड घेतात. प्रत्येक फेऱ्यात हे वाकणं चालूच असतं, आणि वारंवार वाकणारं रबर तापतं. लोखंडी तार मागेपुढे वाकवली की जशी बोटांना गरम लागते तसंच. शिवाय एटी सहसा वजनाला जास्त असतो, त्याला फिरवायला इंधन जास्त लागतं आणि वेग वाढला की त्याची घरघर केबिनमध्ये येते.

‘पण शेवटचे काही किलोमीटर मातीचा रस्ता आहे’ असं बरेच जण सांगतात. तो रस्ता कोरडा असेल, खडी फार धारदार नसेल, तर एचटी टायरवर एसयूव्ही तिथे निवांत जाते. तिथे कामाला येतो तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, आणि तुमचा सावकाश वेग. ज्यांचं खरोखरच एक तृतीयांश चालवणं खडी-मातीवर आहे, किंवा ज्यांना ओल्या चिखलातून नियमित जावं लागतं, त्यांनी सौम्य नक्षीचा एटी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी एचटी घ्यावा.

एक गोष्ट मात्र एटी घेणाऱ्यांनी नीट तपासावी. काही एटी टायरांवर आकाराच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ लिहिलेलं असतं. हे हलक्या ट्रकसाठी बांधलेले टायर, साइडवॉल जाड आणि कडक. तेवढंच वजन पेलायला यांना साध्या कार टायरपेक्षा जास्त हवा लागते. गाडीच्या दारावर लिहिलेली हवा मूळ टायरसाठीची असते, ती यांना पुरत नाही. टायर कंपनीच्या वजन आणि हवेच्या तक्त्यातूनच आकडा काढून घ्यावा लागतो. तो काढून देता येत नसेल तर त्या दुकानातून एलटी टायर बसवून घेऊ नका.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरणार्थ २३५/६५ आर१७ १०४एच. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, ज्यात आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असतात. रिमचा व्यास १७ इंच. १०४ हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक. एच हे कमाल वेगाचं अक्षर. आकाराआधी ‘पी’ असेल तर तो अमेरिकी पद्धतीचा प्रवासी टायर. शेवटी ‘एक्सएल’ किंवा ‘एक्स्ट्रा लोड’ असेल तर तोच आकार जास्त हवा आणि जास्त वजनासाठी बांधलेला आहे.

लोड इंडेक्स एक-दोनने कमी असला तर काय बिघडतं?

एसयूव्हीच्या बाबतीत बरंच बिघडतं. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, ९६ म्हणजे ७१० किलो. १०४ आणि १०० मध्ये चारचाच फरक दिसतो, पण चार टायरांवर मिळून तो ४०० किलोचा होतो.

आता गाडीच्या बाजूने हिशेब करा. सात माणसं बसली, मागे बॅगा भरल्या, छतावर कॅरिअर बांधला. रिकामी असताना १,८०० किलो असलेली गाडी बघता बघता अडीच टनांच्या जवळ जाते, आणि त्यातलं जास्तीचं वजन बहुतेक मागच्या चाकांवर बसतं. वळणावर बाहेरच्या चाकांवर ते आणखी सरकतं. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच असल्याने हे सरकणं सेडानपेक्षा जास्त. म्हणजे कागदावर चार टायरांची बेरीज पुरेशी दिसली तरी एखाद्या क्षणी एकाच टायरवर त्याच्या वाट्यापेक्षा खूप जास्त भार येतो.

नियम साधा आहे. गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा पुस्तिकेत दिलेल्या लोड इंडेक्सच्या खाली जायचं नाही. त्याच्याइतका किंवा जास्त. मूळ टायर एक्सएल असेल तर नवाही एक्सएलच हवा. त्याच आकाराचा साधा टायर स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, तर बाहेरून कुणाला फरक दिसणार नाही, पण पूर्ण भरलेल्या गाडीत तो मर्यादेच्या काठावर चालत राहील.

मी कधीच १२०च्या पुढे जात नाही. वेगाचं अक्षर खालचं घेतलं तर?

एस म्हणजे ताशी कमाल १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. एवढ्या वेगाने कुणी जात नाही हे खरं, पण या अक्षरामागे टायर उष्णता किती सहन करतो याची चाचणी असते. वरच्या अक्षराच्या टायरची बांधणी सहसा वळणावर जास्त स्थिरही असते. मूळ अक्षरापेक्षा खाली जाऊ नका. उगाच दोन पायऱ्या वर जायचीही गरज नाही, त्याने बऱ्याचदा टायर कडक लागतो आणि लवकर झिजतो.

टायरमध्ये हवा किती ठेवायची? साइडवॉलवर लिहिली आहे तेवढी का?

नाही. साइडवॉलवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवा लागते ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं. तिथे बऱ्याच गाड्यांत दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. लांबच्या प्रवासाला निघताना दुसरा आकडा बघायची सवय लावा. मागच्या टायरांचा आकडा तिथे अनेकदा बराच वर असतो.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. चालून तापलेल्या टायरात ती चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसते. जास्त दिसली म्हणून सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडेल. बाहेरचं तापमान दर १० अंश सेल्सिअसने उतरलं की हवाही साधारण दीड-दोन पीएसआयने उतरते, हेही ध्यानात असू द्या.

कमी हवा हा हायवेवरच्या टायरचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि तो दिसत नाही. रेडियल टायरची कूस थोडी फुगलेलीच असते, त्यामुळे सहा-सात पीएसआय कमी असले तरी डोळ्यांना कळत नाही. आत मात्र साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, रबर तापत जातं आणि पोलादी पट्ट्यांच्या कडांपासून थर सुटायला लागतात.

याचं सर्वांत भीषण उदाहरण एसयूव्हीचंच आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्सप्लोररवर लागलेले होते. गाडी वेगात असताना ट्रेडचा पट्टा सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. तिथल्या रस्तासुरक्षा यंत्रणेने २७१ मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला. टायरच्या पट्ट्यांच्या कडेच्या रचनेत दोष होता, हे तपासात निघालं. पण वादाचा एक मोठा भाग हवेवरही होता: फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितली होती, फायरस्टोनचं म्हणणं पडलं की ३० हवी. घटना उष्ण राज्यांमध्ये जास्त घडल्या. कमी हवा, उन्हाळा, भरलेली गाडी आणि सलग वेग हे सगळं एकत्र आलं की टायरमधला छोटा दोषही माणसाच्या जिवावर बेततो. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि टायरमधली हवा कमी झाल्यावर पेटणारा डॅशबोर्डवरचा दिवा त्यातूनच पुढे सक्तीचा झाला.

त्या दिव्याच्या भरवशावरही राहू नका. अमेरिकी नियमात तो पेटण्याची मर्यादा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. म्हणजे ३३ पीएसआय हवी असेल तर सुमारे २५वर आल्यावर दिवा लागला तरी नियम पाळला जातो. २७वर धावणारी गाडी मुकाट्याने टायर तापवत राहते. चांगला गेज घ्या, महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी स्वतः तपासा.

नायट्रोजन भरावा का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि कोरडा असतो, इतकाच फायदा. फुकट मिळत असेल तर भरा. मात्र नायट्रोजन भरला म्हणून हवा तपासणं सोडलंत तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त.

एकाच आकारात दहा टायर दिसतात. त्यांतून निवड कशी करायची?

युरोपातल्या टायरच्या लेबलवर तीन गोष्टी असतात. मे २०२१ पासून इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोन्हींना ए ते ई अशा श्रेणी दिल्या जातात, आणि आवाज डेसिबलमध्ये असतो. हायवेवरच्या एसयूव्हीसाठी मी आधी ओल्या पकडीची श्रेणी बघतो. तिथे ए किंवा बी नसेल तर पुढचं वाचतच नाही. इंधनाची श्रेणी त्यानंतर. या दोन्ही गोष्टी एकाच टायरात जमवणं कठीण असतं, पण ट्रेडच्या रबरात सिलिका वापरायला लागल्यापासून दोन्हीकडे चांगली श्रेणी असलेले टायर मिळतात. आवाजाच्या आकड्याविषयी एक गैरसमज आहे: तो रस्त्याच्या कडेला मोजलेला आवाज आहे. केबिनमध्ये किती येईल हे त्यावरून ठरत नाही.

अमेरिकी पद्धतीत साइडवॉलवरच तीन श्रेणी कोरलेल्या असतात. पहिली ट्रेडवेअर, म्हणजे झीज. संदर्भाच्या टायरला १०० धरून हा आकडा ठरतो. ६०० लिहिलं म्हणजे ठरलेल्या चाचणीत त्याच्या सहापट टिकेल असा अंदाज. पण आकडा टायर कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फार ताणू नका. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये तो उपयोगी पडतो. दुसरी ट्रॅक्शन, एए पासून सी पर्यंत, ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरच्या पकडीसाठी. वळणावरच्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही. तिसरी टेंपरेचर, ए ते सी. हिच्याकडे लोक बघतच नाहीत, आणि हायवेसाठी तीच फार महत्त्वाची. प्रयोगशाळेत ताशी १८५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची उष्णता सोसणारा टायर ए, सुमारे १६० ते १८५ पर्यंतचा बी, आणि १३७ ते १६० पर्यंतचा सी. ही चाचणी हवा बरोबर असताना आणि टायरवर जास्तीचं वजन नसताना होते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी बिघडू शकतात, म्हणून हाताशी राखीव क्षमता हवी. ए घ्या.

खूप मोठा ट्रेडवेअर आकडा बघून भुलू नका. जास्त टिकणारं रबर अनेकदा कडक असतं, आणि त्याची किंमत ओल्या रस्त्यावर मोजावी लागते. दोन्ही साधणारे टायर आहेत, पण ते शोधावे लागतात.

मोठे रिम किंवा रुंद टायर बसवले तर गाडी जास्त स्थिर होईल का?

आधी व्यासाचं गणित करा. २३५/६५ आर१७ चा पूर्ण व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/६० आर१८ घेतला तर ७३९, जवळजवळ तोच. पण रिम १७चाच ठेवून २५५/६५ घेतला तर ७६३, म्हणजे साडेतीन टक्के मोठा. स्पीडोमीटर आधी बिनचूक असेल तर १०० दाखवताना गाडी साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने पळत असेल, शिवाय पूर्ण वळवलेलं चाक मडगार्डच्या आतल्या भागाला घासू शकतं. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे.

रिम मोठा झाला की साइडवॉल कमी होते. स्टिअरिंगचा प्रतिसाद सुधारतो, पण खड्ड्यात रिम वाकण्याची आणि साइडवॉलला फुगा येण्याची शक्यता वाढते. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर बरा वाटतो, साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. रोजच्या हायवे वापरासाठी कंपनीने दिलेला आकारच ठेवा. गाडीच्या पुस्तिकेत एकापेक्षा जास्त आकार मान्य असतील तर मी त्यातला लहान रिमचा घेईन.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे पुढे लावू की मागे?

मागे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर येणारी, असली तरीही. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, ते तुम्हाला स्टिअरिंगमध्ये लगेच जाणवतं आणि वेग कमी केला की बहुतेकदा सावरता येतं. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, आणि ओल्या हायवेवर ते सावरणं सराईत चालकालाही अवघड जातं.

ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, असेल तर वेगळा विचार करावा लागतो. झिजलेल्या टायरचा व्यास लहान, नव्याचा मोठा, म्हणजे चाकं सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पुढची-मागची चाकं जोडणारा क्लच किंवा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) तापत राहतो. अशा अनेक गाड्यांत खोलीतला फरक दीड ते अडीच मिलिमीटरच्या पुढे चालत नाही. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा. बहुतेकदा चारही एकदम बदलणं स्वस्त पडतं.

नियमित रोटेशनची, म्हणजे टायरांच्या जागा आपसांत बदलण्याची, खरंच गरज आहे?

आहे. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला. चारही टायर सारखे झिजतात आणि पुढच्या वेळी वरचा प्रश्न पडतच नाही. साइडवॉलवर बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे बदलायचे, डावे-उजवे करायचे नाहीत.

थंडी-बर्फाच्या भागात जायचं असेल तर?

टायरवर नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असणं पुरेसं नाही, ते अक्षर कंपनी नक्षी बघून स्वतः छापते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर त्या टायरने बर्फावरची चाचणी पार केली आहे. तापमान सतत ७ अंशांच्या खाली राहत असेल तर खास हिवाळी टायरच घ्या, कारण उन्हाळी रबर त्या थंडीत कडक होतं.

माझी एसयूव्ही इलेक्ट्रिक आहे. काही वेगळं बघायचं का?

बॅटरीमुळे गाडी जड असते आणि पेडल दाबल्या क्षणी पूर्ण जोर चाकांवर येतो, म्हणून टायर लवकर झिजतात. लोड इंडेक्समध्ये अजिबात तडजोड नको. काही टायरांवर आता आकाराआधी ‘एचएल’ लिहिलेलं असतं. तो एक्सएलपेक्षाही जास्त वजनासाठी आहे. मूळ टायर एचएल असेल तर एक्सएल लावून चालणार नाही.

पंक्चर काढलेला टायर हायवेवर भरवशाचा असतो का?

पंक्चर कुठे आहे आणि कसं काढलं यावर ते ठरतं. ट्रेडच्या मधल्या भागात, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल, टायर रिमवरून उतरवून आतून तपासला असेल आणि मशरूम पॅच, म्हणजे भोक बुजवणारा दांडा आणि आतून चिकटणारं ठिगळ एकत्र असलेला तुकडा, लावला असेल, तर तो टायर व्यवस्थित चालतो. बाहेरून घुसवलेली दोरी घरी पोहोचण्यापुरती ठीक. ती घालताना टायरच्या आत काय झालंय हे कुणी बघितलेलं नसतं. खांद्यावर किंवा साइडवॉलवर भोक असेल तर टायर बदला. हवा गेल्यावरही काही किलोमीटर तसाच चालवला गेला असेल तर आतल्या बाजूला साइडवॉलवरून बोट फिरवा. रबराची काळी पूड हाताला लागली किंवा आत गोल फिरलेला चट्टा दिसला, तर तो टायर पंक्चर काढण्याच्या पलीकडे गेला आहे.

टायर बसवताना दुकानात समोर उभं राहून काय बघायचं?

साइडवॉलवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने आहे का, आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे का, हे बघा. दोन्ही चुका सर्रास होतात, आणि उलट्या बसलेल्या टायरची पाणी फेकण्याची रचनाच निकामी होते. रबरी व्हॉल्व्ह टायरसोबत बदलून घ्या. हवेचे सेन्सर असतील तर त्यांचे रबरी सील बदलायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो सहसा सर्वांत हलकी जागा दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ ठेवतात, म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या, आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या.

नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला घट्ट केले पाहिजेत. एअर गनने ठोकून सोडलेला नट कधी इतका आवळला जातो, की रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर तो सुटत नाही, आणि कधी बोल्टच ताणला जातो. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो. पहिले तीनशे ते पाचशे किलोमीटर, विशेषतः रस्ता ओला असताना, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि ब्रेक हळुवार वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. बसवताना रिमवर टायर चढवण्यासाठी हवा बरीच जास्त भरतात आणि ती नंतर उतरवायची अनेकदा राहून जाते.